सिदराम, भुजंगा आणि लंगडी चाल

गाण्याबजावण्यातलं माझ्याइतकं कुणाला कळत नाही. निदान आमच्या गल्लीत तरी नाही. आता गल्लीत घरं तीन, त्यातल्या एकाला कुलूप आणि दुसऱ्यातल्या काकूंना ऐकू येत नाही, ते सोडा. पण ही गोष्ट कळायला संगीत यावं लागत नाही. कान असले की पुरे. ते तुम्हा सगळ्यांना आहेत, वापरत नाही एवढंच.

तर एका गावात दोन वाजवणारे होते. सिदराम क्लॅरिनेट वाजवायचा, भुजंगा ढोलकी. मिसरूड फुटायच्या आधीपासून दोघं एकत्र. लग्न असो, बारसं असो, निवडून आलेल्या सरपंचाची मिरवणूक असो, जोडी हजर. सरपंच पडला तर दुसऱ्याच्या मिरवणुकीत हजर. सिदराम उंच, बारीक, तेल चोपडून भांग पाडणारा. भुजंगा आडवा आणि केसांचा पत्ता नसलेला. दोघांच्या बायका म्हणायच्या, यांनी एकमेकांशीच लग्न लावलं असतं तर आम्ही सुटलो असतो.

त्यांच्या पहिल्याच मिरवणुकीत नवरदेवाच्या मामानं भुजंगाच्या पायाशी फटाक्यांची माळ लावली. लग्नात मामा लोकांना अक्कल घरी ठेवूनच यावं लागतं. भुजंगा दचकला आणि त्याची थाप ठरल्या जागेच्या आधीच पडली. त्यानं घाबरून सिदरामकडं बघितलं. सिदरामची पापणीसुद्धा हलली नाही. पुढच्या फेरीला त्यानं आपला सूरही नेमका त्याच चुकीच्या जागी आणून टाकला. भुजंगानंही पुन्हा तिथंच थाप मारली. एकदा झाली ती चूक, दोनदा झाली म्हटल्यावर लोकांना वाटलं, चालच अशी आहे. एक पाय टाकायचा, दुसरा जरा आधीच उचलायचा. मिरवणूक अशी काही नाचली की मुहूर्त टळला आणि वैतागलेल्या भटजींनी अक्षता स्वतःच्याच डोक्यावर टाकून घेतल्या.

तेव्हापासून दोघांची रीत पडली. एक चुकला की दुसऱ्यानं तीच चूक करायची. सिदरामचा सूर घसरला, की भुजंगा त्या घसरलेल्या सुरावरच फर्मास थाप द्यायचा. भुजंगाचा हात भलतीकडं गेला, की सिदराम क्लॅरिनेट घेऊन त्याच्यामागं भलतीकडं. मग भीती कसली? दोघं वाटेल तिथं उडी मारायचे. झेलणारा खाली उभाच. लोकांनी त्या वाजवण्याला नाव दिलं लंगडी चाल. पोरीचं लग्न ठरलं की बाप आधी विचारायचा, लंगडी चाल मोकळी आहे का? नवरा मोकळा आहे का, ते नंतर.

असं होता होता दोघं म्हातारे झाले. एका जत्रेत पुण्याचा एक साहेब आला. दोघांचं वाजवणं ऐकून तो खुर्चीवर उभा राहिला. त्याच्यामागच्या लोकांनी त्याला शिव्या घातल्या, पण तो उतरला नाही.

"तुमचा आल्बम काढू," तो म्हणाला. "जुनी जोडी, नवा आल्बम. सोबत शहरातले मोठे वादक पाहुणे म्हणून बोलावू."

झालं. सिदरामची झोप उडाली. त्यानं कोट शिवला. आरशासमोर उभं राहून नमस्कार करायची सवय केली. सबंध प्रवासात तो भुजंगाला शिकवत होता.

"तिथं नीट बसायचं. मांडी खाजवायची न्हाई."

"आन् खाज सुटली तर?"

"गावाकडं येऊन खाजव."

रेकॉर्डिंगची खोली काचेची होती आणि गारठलेली. भुजंगानं हळूच विचारलं, "हितं दूध ठेवत्यात व्हय रं?" सिदरामनं त्याला कोपर मारलं. पाहुणे आले. पियानोवाले दाढीवाले गृहस्थ होते. एक गिटारवाला होता, तो वाजवण्यापेक्षा तारा पिळण्यात जास्त रमायचा. आणि व्हायोलिनवाल्या रेवतीबाई होत्या, हसऱ्या आणि मोकळ्या. पाहुणे चांगले होते हो. या गोष्टीत पाहुण्यांना शिव्या घालता आल्या असत्या तर माझं काम सोपं झालं असतं.

वाजवायला सुरुवात झाली. आधी सगळे बिचकत होते, मग रंग भरला. भुजंगा गारठा विसरला, काच विसरला. त्याचे डोळे मिटले आणि थाप आधीच पडली. या वेळी पायाशी फटाका नव्हता. नुसता आनंद होता. त्यानं डोळे उघडले आणि हसत सिदरामकडं बघितलं.

सिदरामनं रेवतीबाईंकडं बघितलं. मग दाढीवाल्यांकडं. मग त्यानं क्लॅरिनेट तोंडातून काढली आणि हात वर केला.

"थांबा, थांबा. माफ करा मंडळी. आमच्या माणसाची चूक झाली. पुन्हा घेऊ या."

भुजंगानं ढोलकीवरचे हात उचलून मांडीवर ठेवले.

"व्हय," तो म्हणाला. "चुकलो."

रेवतीबाईंचा व्हायोलिनचा गज अजून हवेतच होता. "अहो, का थांबवलंत? मी तिथंच येत होते! किती सुंदर पडली होती ती थाप."

सिदरामनं आरशासमोर घोटलेला नमस्कार केला. "तुमचं मन मोठं, बाई."

त्याला वाटलं, बाई आपली लाज राखताहेत. बाई खरंच बोलत होत्या. पण माणसाला एकदा आपल्याच माणसाची लाज वाटायला लागली, की खरं बोलणारासुद्धा त्याला नुसता सभ्य वाटतो.

पुन्हा घेतलं. भुजंगा चुकला नाही. शेवटपर्यंत एकदाही नाही. काचेपलीकडून साहेब अंगठा दाखवत राहिला.

आल्बम निघाला आणि चांगला चालला. बोधकथेत तो आपटायला हवा होता, मला मान्य आहे. पण नाही आपटला. सिदरामचा कोटातला फोटो पेपरात आला. गावात चौकात मोठा कर्णा लावून आल्बम वाजवला. दर लग्नात नाचून पोरांना दमवणारी गोदाआत्या पुढंच पाय पसरून बसली होती. तिनं सगळं ऐकलं. पाय हलला नाही.

"ग्वाड हाय," ती म्हणाली. "देवळात लावा सकाळचं."

त्यानंतर आमंत्रणं वाढली. भुजंगा प्रत्येक लग्नाला वेळेवर यायचा. सिदरामचा सूर घसरला, तर आधीसारखाच सांभाळून घ्यायचा. त्यात त्यानं कधी कसूर केली नाही. फक्त स्वतः चुकायचा बंद झाला. त्याची ढोलकी भिंतीवरच्या घड्याळासारखी चालायची. आणि घड्याळावर नाचलेला माणूस अजून माझ्या बघण्यात नाही.

सिदरामला आधी वाटलं, गडी सुधारला. मग वाटलं, गडी रागावला. तो भुजंगाच्या घरी गेला. भुजंगानं चहा दिला, तंबाखू मळून दिली, नातीचं कौतुक सांगितलं.

"भुजंगा, शिवी घाल की एकदा. मोकळा हो," सिदराम म्हणाला.

"शिवी कशापायी? चूक हुतीच ती. तू बोललास त्यात खोटं काय?"

भांडणाऱ्या माणसाची समजूत काढता येते. कबूल करणाऱ्याची कशी काढायची, ते मलाही माहीत नाही, आणि मी आयुष्यात बऱ्याच जणांना गंडवलंय.

मग एका लग्नात व्हायचं ते झालं. दोघं वाजवत होते आणि लोक नुसते चालत होते. शेवटी नवरदेवाच्या दोस्तांनी मोबाइल लावला, स्पीकर मोठा केला आणि धुरळा उडवत नाचायला लागले. जोडीला कुणी थांबा म्हटलं नाही. त्यांचं वाजवणं कुणाला ऐकूच येत नव्हतं. दोघं मांडवामागं पाण्याच्या टँकरच्या सावलीत जाऊन बसले. सिदराम क्लॅरिनेटमधली थुंकी झटकत होता. भुजंगा ढोलकीच्या दोऱ्या सैल करत होता.

"एकदा चूक की रं, भुजंगा," सिदराम म्हणाला. "माझ्यासाठी. कुठंबी मार थाप, मी येतो तिथं. आईशप्पत येतो. आरं, आधी कसा बेफाम वाजवायचास! कधी भ्यालास का कुणाला?"

आता तात्पर्य इथं मध्येच घुसवतो. भुजंगानं जे उत्तर दिलं ते ऐकल्यावर बोध वाचायला तुम्ही थांबणार नाही.

तात्पर्य: ज्याच्या भरवशावर आपण जन्मभर उड्या मारल्या, त्याला चार मोठ्या माणसांसमोर एकटं पाडू नये. माफी मिळते, चहाही मिळतो, पण तो माणूस परत मिळत नाही.

भुजंगानं ढोलकी खोळीत घातली आणि खोळीचं तोंड आवळलं.

"न्हाई भ्यालो कधी," तो म्हणाला. "तवा माझ्यासंगं सिदराम असायचा."