दुसऱ्या डिस्कला न येणारी गोष्ट

बुधवार होता. मठाच्या ओसरीवर जयदीप वालाच्या शेंगा सोलत बसला होता. मठाच्याच ग्रंथालयातून निरोप आला : पहाटे वीज जाऊन आली, तेव्हापासून सर्व्हर उठत नाही.

तो हसला. "एक डिस्क गेली असेल. जाऊ दे. आरशासारखी दुसरी आहे, पहिलीवरचं सगळं तिच्यावरही उमटतं."

शहरातली नोकरी सोडून तो सोमगिरी महाराजांपाशी राहायला आला होता. महाराजांचे गुरुबंधू चंदनगिरी पंधरा दिवसांपूर्वी वारले. त्यांच्या आवाजातली सगळी भजनं जयदीपनेच त्या सर्व्हरवर भरली होती. आज संध्याकाळी गाव ती ऐकायला जमणार होतं.

ग्रंथालयात जाऊन त्याने मेलेली डिस्क काढली. बटण दाबलं.

काळा पडदा. सुरू करण्याजोगं काही सापडलं नाही, एवढी एकच ओळ.

पुन्हा दाबलं... पुन्हा तेच.

दारात महाराज उभे होते. "काय रे, फुटला का तुझा आरसा?"

"नाही महाराज. भजनं आहेत. एकूण एक आहेत. पण..."

"पण काय?"

"सर्व्हर सुरू करणारा भाग नव्या मशीनला डिस्कवरच्या वेगळ्या कप्प्यात लागतो. तो कप्पा आरशात येत नाही. दुसऱ्या डिस्कवर तो हाताने करायचा असतो. मी जुन्या मशीनच्या सवयीने गेलो... पहिलीवरच केला."

"म्हणजे हिला सगळं येतं."

"हो."

"सुरुवात तेवढी येत नाही."

जयदीपची मान खाली गेली. "तासाभरात करून देतो, महाराज. दोन्ही धडधाकट होत्या तेव्हाच एक काढून, दुसरी एकटी उठते का ते बघायला हवं होतं."

खुंटीवरची चंदनगिरींची एकतारी महाराजांनी काढली, खाली बसून मांडीवर घेतली. चाळीस वर्षं पहिली ओळ चंदनगिरी उचलायचे, दुसरीला महाराज येऊन मिळायचे.

तार वाजली. ओठ उघडले...

आवाज आला नाही.

तार पुन्हा वाजली. ओठ तसेच उघडे.

जयदीप बघतच राहिला. पंधरा दिवस मठात भजन झालं नव्हतं. दुःखापायी महाराजांनीच गाणं थांबवलंय, असं सगळं गाव धरून चाललं होतं. तोही.

महाराजांनी एकतारी जागच्या जागी अडकवली.

"तो असताना एकदा मी सुरुवात करून बघायची राहिली."