नवं पाखरू आठ दिवस वेगळं

तलावाकाठच्या एका गावात टिकाराम नावाचा एक भोळा गडी होता. भोळा म्हणजे किती? 'जरा इकडं लक्ष ठेव' म्हटलं की तो इकडंच बघत बसायचा, आणि तिकडून गाय शेत खाऊन जायची. तिशी आली तरी त्याला पोरगी द्यायला कोणी धजत नव्हतं. सुनेचं तोंड बघायला मिळतं की नाही, या काळजीनं त्याची माय झुरत चालली होती.

शेवटी पलीकडच्या गावचा मन्साराम आपली रेवंता द्यायला तयार झाला. पण अट घालून.

"पोरीची चार बदकं आधी ठेवून जातो. तुमच्या कोंबड्यांत महिनाभर सुखानं राह्यली त पोरगी देतो. नाई त बदकंबी परत अन् सोयरीकबी."

जाताना त्यानं होणाऱ्या जावयाला बजावलं, "पाखराले रोज पाण्यात सोडजो. पाण्याबिगर त्याले करमत नाई."

"हो मामाजी."

सकाळी टिकारामनं चारही बदकं तलावात सोडली. मग सहा कोंबड्या सोडल्या. मग कोंबडा. पाखरू म्हटलं की सगळेच आले, त्यात भेदभाव कशाला? बदकं पोहली. कोंबड्या बोंबलल्या. माय धावत आली आणि कमरेएवढ्या पाण्यात उतरून तिनं एकेकीला बाहेर काढलं.

"अरे बैला! ओलं पाखरू मरते ना! ओलं दिसलं का चुलीपाशी शेकून कोरडं कराचं!"

"हो माय."

संध्याकाळी बदकं तलावातून निथळत घरी आली. टिकारामनं एकेकाला दुपट्ट्यानं पुसलं, चुलीपाशी ओळीनं बसवलं आणि जाळ वाढवला. पांढरी बदकं काळी झाली आणि घरभर पळत सुटली. एक तर वरणाच्या पातेल्यात उतरलं. बरं तर बरं, वरण निवलेलं होतं.

"अरे, चूल नको! पाखराले खाली तणसावर निजवाचं, गारव्याले!"

"हो माय."

दुसऱ्या दिवशी सांजेला त्यानं दांडीवर बसलेल्या कोंबड्या कोंबड्यासकट एकेक करून खाली काढल्या, बदकांशेजारी तणसाच्या पेंढ्यावर आडव्या केल्या आणि सगळ्यांवर मिळून एक पोतं पांघरलं. कोंबड्याचा असा अपमान सात पिढ्यांत झाला नव्हता. त्यानं सगळा राग बदकांवर काढला. सकाळी पाहावं तर एका बदकाच्या डोक्यावरची पिसं गेलेली आणि दुसरं लंगडतंय.

"गेली रे माझी सून!" म्हणून माय खरंच रडली. टिकारामलाही वाईट वाटलं. त्या दिवशी त्यानं तिसऱ्यांदा भात वाढून घेतला नाही.

मग मायनं डोळे पुसले आणि त्याला समोर बसवून सावकाश सांगितलं.

"ऐक. नवं पाखरू एकदम जुन्यात सोडाचं नसते. जुनं नव्याले टोचते. आठ दिवस वेगळं कोंडाचं, फटीतून एकमेकाले पाहू द्याचं, मंग सोडाचं. हे मरेस्तोवर ध्यानात ठेव."

टिकारामनं ध्यानात ठेवलं. बांबूच्या तट्ट्यांचं कुंपण केलं आणि बदकं आत कोंडली. नवव्या दिवशी सोडली, तर कोंबड्यानं त्यांच्याकडं एकदा पाहिलं आणि आपल्या वाटेनं निघून गेला. महिना भरला. मन्साराम आला, त्यानं बदकांच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "काढा मुहूर्त."

लग्न लागलं. वरात दारात आली, मागोमाग मन्सारामची गाडीही. मायनं ओवाळलं. रेवंतानं माप ओलांडलं, आणि तेवढ्यात तिचा पदर डोक्यावरून घसरला.

"पदर सांभाळ ना वो बाई," माय म्हणाली. "हे मायेर नोहे."

टिकारामनं मायकडं पाहिलं. नवरीकडं पाहिलं. मग नवरीचा हात धरला, मुंडावळ्यांसकट तिला तट्ट्याच्या कुंपणात नेऊन उभं केलं, पाण्याचं भांडं ठेवलं, मूठभर कण्या टाकल्या आणि बाहेरून दोरी बांधली.

वाजंत्री थांबली. "पोरी, निघ बाहेर! बस गाडीत!" मन्साराम गरजला. माय कुंपणाकडं धावली.

"हे काय केलं रे मेल्या?"

"नवं पाखरू हाय माय. जुनं टोचते. तू त आत्ताच टोचलं."

मग कुंपणातून हसू फुटलं. रेवंता हसत होती.

"बा, तुमी जेवून घ्या. मी नाई येत. सासूच्या टोचण्यातून वाचवणारा नवरा आपल्या गावात कोणाले भेटला?"

सगळी वरात हसली. मायलाही हसू आवरेना. तिनं खरोखरच कान धरले.

"बरं बाबा, नाई टोचत तिले. सोड आता."

टिकारामनं दोरीला आणखी एक गाठ मारली.

"असं कसं माय? आठ दिवस म्हटलं ना? आज त पयलाच हाय."