डबा घुरघुरेना

मालनमावशीच्या दुकानात एक कॉम्प्युटर होता. त्याच्या पाठीत एक लोखंडी डबा. कॉम्प्युटरच्या सगळ्या भागांना वीज वाटायची, हे त्याचं काम. रोज सकाळी घुर्र घुर्र, घुर्र घुर्र! दहा वर्षं झाली, एकदाही खाडा नाही. म्हणून त्याच्याकडे कुणी बघतसुद्धा नव्हतं. जो रोज येतो, त्याला कोण विचारतो!

डब्यातून गरम वारा यायचा. तिथेच एका मुंगीने तीन अंडी ठेवली होती.

एका थंडीच्या सकाळी घुर्र आलंच नाही. अंडी गारठली.

मुंगी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"डब्या डब्या, ऊब दे. अंडी गारठली!"

डबा म्हणाला, "नाकात धूळ. धूळ हटेना, मी ऊब देऊ कशी?"

तुरुतुरु, तुरुतुरु.

"धूळबाई धूळबाई, हट ना. डबा ऊब देईना, अंडी गारठली!"

धूळ म्हणाली, "फडकं झटकेना, मी हटू कशी?"

तुरुतुरु, तुरुतुरु.

"फडक्या फडक्या, झटक ना. धूळ हटेना, डबा ऊब देईना, अंडी गारठली!"

फडकं म्हणालं, "मावशी उठेना, मी झटकू कसं?"

मावशी खुर्चीत बसून कॉम्प्युटरच्या पडद्याला थपडा मारत होती. थाड! थाड! बिचाऱ्या पडद्याचा काय दोष?

"मावशी मावशी, ऊठ ना. फडकं झटकेना, धूळ हटेना, डबा ऊब देईना, अंडी गारठली!"

मावशी म्हणाली, "अगं, हा पडदा उजळेना, मी उठू कशाला?"

तुरुतुरु, तुरुतुरु. मुंगीचे पाय दुखले.

"पडद्या पडद्या, उजळ ना. मावशी उठेना, फडकं झटकेना, धूळ हटेना, डबा ऊब देईना, अंडी गारठली!"

पडदा म्हणाला, "डबा वीज देईना, मी उजळू कसा?"

पुन्हा डबाच! मुंगी परत आली. रडत रडत म्हणाली,

"पडदा उजळेना, मावशी उठेना, फडकं झटकेना, धूळ हटेना, डबा ऊब देईना, अंडी गारठली!"

डब्याने तिन्ही अंड्यांकडे बघितलं. मग म्हणाला, "मुंगे, सगळेच थांबलेत. आता सुरू झालो, तर मी जळेन कदाचित. पण कुणीतरी आधी उठायला हवं."

कुर्र... कुर्र... घुर्र!

करपल्याचा वास सुटला.

पडदा उजळला.

"अगं बाई, काय जळतंय?" मावशी उठली. तिने आधी बटण बंद केलं. मग पहिल्यांदाच कॉम्प्युटरच्या पाठीमागे गेली.

फडकं झटकलं. धूळ हटली. डब्याने श्वास घेतला. फुऽऽऽ!

मावशीचे डोळे भरले. "दहा वर्षं राबलास रे. मी कधी बघितलंच नाही."

तिने बटण लावलं. घुर्र घुर्र! ऊब आली.

मुंगी अंड्यांपाशी धावली. एक अंडं हललं. दुसरं हललं. तिसरं हललं नाही. फार उशीर झाला होता.

मुंगी खूप रडली.  डबा तिन्ही अंड्यांवर ऊब सोडत राहिला. घुर्र घुर्र, घुर्र घुर्र.