गोटीसोड्याची बाटली

आमच्या सौभाग्यवती वेणूबाईंच्या वडिलांचा गोटीसोड्याचा कारखाना होता. त्यांच्या नावाची जुनी बाटली ऑनलाइन लिलावात दिसली आणि बाईंनी ती हट्टानं जिंकली. खोकं आलं, उघडलं, तर आत काचांचा चुरा! वेणू रडलीच. तिला आणि ते खोकं घेऊन मी थेट लिलाववाल्या घळसासीसाहेबांचं दुकान गाठलं.

"आमच्या बांधणीत वस्तू फुटतच नाही," साहेब गिऱ्हाइकांसमोर गरजले. "तुमच्याच हातून पडली असणार, आजोबा!"

त्यांच्या टेबलावर अगदी तशीच दुसरी बाटली शोभेला ठेवलेली. ती मी उचलली. वेणूच्या खाली ठेवलेल्या पिशवीशेजारी वाकून काचा ओतून टाकल्या, त्यांच्याच खोक्यात, त्यांच्याच मूठभर पेंढ्यात बांधाबांध केली आणि खोकं डोक्यावर धरलं.

"टाकू?"

"अहो, नको! फुटेल ना ती!"

"फुटेल? तुमच्या बांधणीत?"

गिऱ्हाइकं खो खो हसली. साहेब पडेल चेहऱ्यानं म्हणाले, "न्या बाबा ती तुम्हीच. पण खोकं सांभाळून न्या."

रस्त्यावर येताच वेणू फणकारली, "आणि हात सुटला असता म्हणजे?"

"तर रिकामं खोकं पडलं असतं," मी म्हटलं. "बाटली मघाशी वाकलो तेव्हाच तुझ्या पिशवीत सरकवली. बघ की!"