बिडीचा हात

“पण सर, बिड्या वळणाऱ्या बाईचं मनगट सुजलं, तर दुसरं काय समजायचं?”

डॉ. निनाद पोंक्षे सुवर्णपदक घेऊन सोलापूरच्या त्या अपघात विभागात आले होते. त्यांचे प्रश्नही उत्तरासारखे असत.

डॉ. हत्तुरे पेशंटकडेच बघत होते. निवृत्तीला टेकलेला हा माणूस तसाही बेताचंच बोलायचा.

समोरच्या खाटेवर नरसम्मा होती. सोमवारी ती मनगट धरून आली, तेव्हा पोंक्षेंनी केसपेपरवर दोनच शब्द लिहिले होते, ‘बिडीचा हात’. विभागात हे नाव सर्रास चालायचं. कामानं दुखावलेलं मनगट, दुखायची गोळी, पट्टी, विश्रांती... पुढचा पेशंट.

आज गुरुवार. बाई तापानं फणफणली होती. मनगट लालभडक होऊन तट्ट फुगलं होतं आणि ती त्याला बोट लावू देत नव्हती.

“सोमवारी आधी काय विचारलंस?” हत्तुरेंनी शेवटी तोंड उघडलं.

“काय काम करता, हे.”

“मग?”

“मग... लिहिलं.”

“हात कधी धरलास?”

“धरलाच नाही, सर.”

हत्तुरे खाटेशी बसले. “नरसम्मा, याच हाताच्या अंगठ्याला हे काय लागलंय?”

“कात्री लागली ओ. पान कापताना. आठ दिस झाले की.”

“सोमवारी सांगितलं नाही?”

“कोण इचारलंच नाही ओ.”

हत्तुरेंनी हात धुतले. मनगट बधिर केलं आणि सांध्यात सुई घातली. सिरिंज हळूहळू भरली. ती त्यांनी केसपेपरवर आडवी ठेवली, नेमकी त्या दोन शब्दांवर.

“वाच.”

“दिसत नाही, सर.”

“सांध्यातलं पाणी नितळ असतं. त्यातून अक्षर वाचता येतं.”

“हा... पू आहे.”

सिस्टरनं सिरिंज तपासणीला पाठवली आणि अँटिबायोटिकची सलाईन लावली. हत्तुरेंनी ऑपरेशन थिएटरला फोन केला. सांधा उघडून धुवायला लागणार होता.

“आज धुतला तर बरा होईल ना, सर?” पोंक्षेंचा आवाज आता साध्या माणसाचा झाला होता.

“ताप उतरेल. जीव वाचेल. तीन दिवसांत पुवानं सांधा खाल्लाय.”

नरसम्मानं ते ऐकलं. “मनगट वळंल ना ओ, डॉक्टर? बिडीला दोन्ही हात लागतात की.”

हत्तुरेंनी पोंक्षेंकडे पाहिलं. हे उत्तर ते स्वतः देणार नव्हते.

“पहिल्यासारखं... नाही वळणार, नरसम्मा,” पोंक्षे म्हणाले. “मी सोमवारी नीट बघितलं नाही. चूक माझी आहे.”

ती रडली नाही. चांगल्या हातानं तिनं सुजलेल्या हाताची बोटं एकेक करून मिटवायचा प्रयत्न केला. ती मिटेनात. पोंक्षेंना ते बघणं फार जड गेलं.

मग तिला आत नेलं.

खाट गेली तिथली जागा रिकामी होती. केसपेपर टेबलावर तसाच पडला होता. पोंक्षेंनी खिशातून पेन काढलं आणि त्या दोन शब्दांवर टेकवलं.

हत्तुरेंनी त्यांचं मनगट धरलं.

“खोडू नकोस... तेवढाच उरलाय तिचा बिडीचा हात.”