पाणमांजरांची राखण

"आता तरी म्हणाल ना महाराज, शिष्यानं काही केलं म्हणून?"

चिद्घननं तारेच्या फासांची जुडी निरंजनबुवांच्या पुढ्यात ठेवली. आवाजात कौतुक मावत नव्हतं, तेही स्वतःचंच.

मागे डोमाजी उभा होता. नदीत पाणमांजरं धरायची, त्यांची मऊ कातडी व्यापाऱ्याला विकायची, यावर त्याच्या बापजाद्यांनी घर चालवलं. चिद्घन त्याच्या दारात ठाण मांडून बसला आणि त्याच्याकडून शपथ घेऊनच उठला. यापुढे जीव मारायचा नाही.

बुवांनी फासांना हात लावला नाही.

"डोमाजी, पोटाचं काय?"

"उद्यापासून वाडीवाल्याच्या कामावर जातो, महाराज. काठचं गवत जाळून टरबूज लावते म्हणे तो."

"कोणत्या काठचं?"

"आमच्याच."

"तिथं तर तुझ्या चिंध्या असायच्या..."

पिल्लांच्या बिळापाशी काठी रोवून लाल चिंधी बांधायची, ही डोमाजीच्या घरची रीत. चिंधी दिसली की तिथं फास लावायचा नाही. आणि दुसरं कोणी गवताला हात लावायला आलं, तर डोमाजी भांडायला उभा. पिल्लं जगली तरच पुढल्या साली चूल पेटणार, एवढं त्याला कळत होतं.

"यंदा बांधल्या?"

"कायले बांधू? मायं काय रायलं तिथं..." त्यानं फासांकडं पाहिलं. "पिल्लं हायेत पन. काल आवाज येत होता त्यायचा."

चिद्घनचा चेहरा उतरला. पण ऐकून घेईल तो चिद्घन कसला.

"महाराज, मारणं ते मारणंच. ते पाप नाही?"

"आहे."

"मग माझं चुकलं कुठं?"

बुवा उठले. कोपऱ्यातली आपली काठी घेतली. अंगावरच्या छाटीची कड टर्रकन फाडून तिच्या टोकाला बांधली आणि काठी चिद्घनच्या हातात दिली.

"जा. काठावर राहा. आजपासून राखण तुझी."

"किती दिवस?"

"डोमाजी जन्मभर करणार होता."

"पण महाराज... शहरात प्रवचन लागलंय माझं. जीवदयेवरच आहे. लोक वाट बघतायत..."

डोमाजीनं डोळे पुसले.

बुवांनी काठी काढून घेतली.

"मग त्याचे फास त्याला परत दे."