चांगुणेची काळी काच

कितीतरी पिढ्यांपूर्वी समुद्राकाठच्या एका राज्यात एक गजबजलेलं बंदर होतं. तिथल्या खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली खडक लपले होते. एका मोसमात तीन गलबतं त्यांवर आपटून फुटली. राजाने दवंडी पिटवली, "पौर्णिमेपर्यंत सुरक्षित वाट सापडली नाही, तर बंदर बंद!"

बंदर बंद म्हणजे गावाच्या चुली बंद.

गावात चांगुणा नावाची एक बाई होती. तिच्याकडे चित्रपेटी होती. पेटीच्या भिंगावरचं झाकण उघडलं की समोरचं दृश्य आतल्या पत्र्यावर उमटायचं. तिने टेकडीवरून खाडीचं चित्र घेतलं. पण त्यात नुसत्या लाटाच लाटा! खडक कुठे, काही कळेना.

आयुष्यभर गलबतं हाकलेल्या म्हाताऱ्या धाकू तांडेलाने ते चित्र निरखलं. म्हणाला, "पोरी, लाट येते नि जाते. खडकावरचा फेस मात्र तिथेच पुन्हा पुन्हा उठतो. तुझी पेटी क्षणभरच बघते. तिला जरा जास्त वेळ बघायला लाव की!"

चांगुणा आनंदाने उडालीच. "तांडेलकाका, अगदी बरोबर! दोनशे श्वास झाकण उघडं ठेवलं, तर लाटा एकमेकींत विरून जातील आणि फेस तेवढा उरेल!"

"मग ठेव की."

"भर दिवसा? सगळं चित्र पांढरंफटक पडेल. भिंगापुढे काळी काच हवी, उजेड अडवणारी."

गावाने वर्गणी काढली. वीस मोहरा जमल्या. पण त्यातूनच खडकांवर निशाणाचे खांबही रोवायचे होते.

चांगुणा आणि तांडेल शहरातल्या काचवाल्याकडे गेले. त्याने मखमलीत गुंडाळलेली, सोन्याच्या कड्याची काच काढली. "राजवाड्यातले चितारी हीच वापरतात. वीस मोहरा."

तांडेलाचा चेहरा पडला. "आणि खांब कशाचे रोवायचे?"

"मग हा गठ्ठा न्या. दहा काचा, एका मोहरेत!" काचवाल्याने गठ्ठा पुढे सरकवला.

चांगुणा काचा घेऊन दुकानाच्या दारात आली. समोरच्या देवळाची ध्वजकाठी आभाळात सरळ उभी होती. तिने एकेक काच डोळ्यांपुढे धरून त्या काठीकडे पाहिलं. सोन्याच्या कड्याच्या काचेतून काठी सरळ दिसली. गठ्ठ्यातल्या काचांतून ती सापासारखी वळवळली.

"या काचा माझा खडक हातभर सरकवतील," ती म्हणाली. "आणि त्या हातभरात गलबत फुटेल."

मग कोपऱ्यातल्या फळीवर तिला साध्या लाकडी चौकटीतली एक काळी काच दिसली. तिच्यातूनही काठी सरळ! चांगुणाने काच हळूहळू फिरवली. काठी तसूभरही वाकली नाही.

"ती नको घेऊस, बाई," काचवाला खरं तेच बोलला. "चार मोहरांचीच आहे, पण तिच्यातून सगळं निळसर दिसतं."

तांडेल कुजबुजला, "निळसर चित्र राजा मानेल का गं?"

चांगुणा हसली. "काका, मला खडक शोधायचेत, नवरीचा मुखडा नाही काढायचा. निळा दिसला म्हणून खडक जागचा हलतो का?"

दुसऱ्या दिवशी ऐन दुपारी सारं गाव टेकडीवर लोटलं. चांगुणाने पेटी दगडांत घट्ट बसवली, काळी काच लावली आणि झाकण उघडलं. सगळे मिळून श्वास मोजू लागले. दोनशे!

पत्रा बाहेर आला आणि एकच आरडाओरडा झाला. खवळलेली खाडी चित्रात निळ्या रेशमासारखी पसरली होती, आणि तिच्यावर सात पांढरे डाग स्वच्छ उमटले होते.

"सात! आम्हाला चारच ठाऊक होते!" तांडेल ओरडला.

उरलेल्या सोळा मोहरांत सातही खांब उभे राहिले, प्रत्येकावर लाल निशाण. पौर्णिमेच्या सकाळी राजा स्वतः गलबतात बसला. सुकाणू धाकू तांडेलाच्या हाती होतं. निशाणांमधून वळणं घेत गलबत भर समुद्रात गेलं आणि सुखरूप परतलं. राजाने धक्क्यावर पाय ठेवताच जाहीर केलं, "बंदर चालू राहील!"

ढोल वाजले. नांगर टाकून बसलेल्या गलबतांनी त्याच सकाळी शिडं उभारली.

लहानथोरांनो, ध्यानात घ्या: वस्तू निवडताना आधी आपलं काम ओळखावं, मग वस्तू पारखावी, आणि किंमत सगळ्यात शेवटी विचारावी.